कागदाएवढी जागा

फार जुनी गोष्ट आहे, बरं का मंडळी. डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथे खरी आगगाडी कधी आलीच नाही, पण राजाच्या बागेत खेळण्यातली एक आगगाडी मात्र होती. राजाच्या आजोबांनी दूरदेशी खरी गाडी पाहिली आणि परत आल्यावर मोठ्या हौसेने ही छोटी घडवून घेतली. मांजराएवढं इंजिन, त्यामागे लाकडी डबे आणि तळ्याभोवती फिरणारे इवलेसे रूळ.

चावी दिली की इंजिनाच्या पोटातली कमान हळूहळू उलगडायची. तिच्या जोरावर पितळेची दातेरी चाकं एकमेकांना फिरवायची आणि गाडी निघायची. बोरांच्या हंगामात बागेचं दार सगळ्यांना उघडं असे. डब्यांत बोरं, पेरू, तिळाच्या वड्या भरत. चावी संपून गाडी ज्या मुलासमोर थांबेल, त्याने खाऊ घ्यायचा आणि पुढची चावी द्यायची. "इथे थांब! इथे थांब!" असा गलका उठे की तळ्यातली बदकंसुद्धा काठावर बघायला येत.

एका वर्षी हंगामाच्या तोंडावर गाडी बिघडली. चावी दिली की पोटात नुसतं घर्रर्र व्हायचं, गाडी मात्र जागची हलत नसे. राजाने हैबती तांबटाला बोलावणं धाडलं.

हैबती हाताचा पक्का कारागीर. त्याने घडवलेली घागर कधी गळली, असं कुणी ऐकलं नव्हतं. स्वभाव मात्र असा, की त्याच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटता कामा नये. त्याची बायको येसू चित्रं छान काढायची, म्हणून डबे नव्याने रंगवायचं काम राजाने तिला सोपवलं. दोघं घरच्या एकाच ओसरीवर कामाला बसली. येसूने कुंचला उचलला, की हैबतीची मान तिच्या खांद्यावरून पुढे आलीच म्हणून समजा.

"अगं, मोराची मान वाकडी झाली."

"नाचतोय तो."

"आणि शेपटीत एवढा लाल कशाला?"

येसूने कुंचला खाली ठेवला. "तुम्हीच रंगवा आता," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून डबे कोरेच पडून राहिले. हैबतीला वाईट वाटलं, पण आपलं चुकलं काय ते त्याला कळेना. तिच्या भल्याचंच तर सांगत होतो!

इंजिन उघडताच त्याला दोष दिसला. एका चाकाचे दात झिजून पार गुळगुळीत झाले होते.

"पितळ मऊ, म्हणून झिजलं," हैबती स्वतःशीच म्हणाला. त्याने त्या जागी पोलादाचं चाक घडवलं आणि शेजारच्या चाकाला असं दाबून बसवलं, की मधे वाराही शिरू नये. गाडी कुरकुरत निघाली. पण थोड्याच दिवसांत पुन्हा घर्रर्र! कडक पोलादाने शेजारच्या पितळी चाकाचे दात खाऊन टाकले होते. हैबतीने तेही चाक पोलादाचं केलं आणि आणखी दाबून बसवलं. आता चाकं फिरेचनात. त्याने जोर लावून चावी पिळली, तशी कमान ताडकन तुटली.

राजा बघायला आला होता. तो हैबतीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू दे. परवा मुलं येतील, त्यांना टोपल्यांतून खाऊ वाटू. तू मनाला लावून घेऊ नकोस."

रागाचे शब्द हैबतीने सोसले असते. हे मायेचे शब्द त्याच्या जिव्हारी लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ओसरीवर बसला. नवी कमान घातली. पोलाद काढून दोन्ही चाकं पुन्हा पितळेची केली, दाताला दात जुळवले. पण बसवताना हात सवयीनेच दाबले गेले आणि चाकं अडली. पुन्हा सोडवली, पुन्हा बसवली, पुन्हा अडली.

पलीकडे येसू मुलांसाठी रंगीत पताका कापत होती. वाऱ्याची झुळूक आली आणि कागदाचा एक कपटा उडून नेमका दोन चाकांच्या मधे पडला. हैबतीला तो दिसला नाही. त्याने तशीच चाकं घट्ट बसवली आणि बोटाने ढकलली. कपटा चुरगळून खाली पडला आणि चाकं गर्रकन फिरली. ना कुरकुर, ना अडखळणं!

हैबतीने कपटा उचलून पाहिला. त्यावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. त्याने चाकं सोडवून कागदाशिवाय बसवली, अडली. कागद घालून बसवली, मग कागद काढला, फिरली.

"येसू, अगं बघ तरी!" तो ओरडला. "मधे कागदाएवढी जागा ठेवली, तर पळायला लागली!"

येसू खुदकन हसली. "मग मी तरी वेगळं काय मागत होते?"

हैबतीने कोऱ्या डब्यांकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. त्याने आपला पाट उचलला, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

"रंगव तुला हवं तसं. मी वळून बघणार नाही."

"बघाल."

"नाही बघणार."

थोडा वेळ गेला. "अहो, बघितलंत!"

"पाणी प्यायला वळलो होतो!"

दोघंही इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी निघाली ती लोण्यावरून घसरावी तशी अलगद. डब्यांवर मोर नाचत होते, निळे हत्ती पोहत होते, एका माशाला तर चक्क मिशा होत्या. मुलं हसून हसून लोळली. आणि चावी संपली ती थेट राजासमोर! राजाने मूठभर बोरं घेतली, गुडघ्यांवर बसला आणि सगळ्यांदेखत चावी दिली.

पुढे गाडी वर्षानुवर्षं धावली. चाकं झिजली की हैबती नवी जोडी घडवी, मधे कागद ठेवून बसवी, आणि शीळ घालत घरी येई. येसूच्या चित्रांची कीर्ती शेजारच्या राज्यांत गेली, आणि ती चित्रं पुरी झाल्यावरच हैबती पाही.

बोध: ज्यांच्या सोबतीने चालायचं, त्यांच्या जवळ राहावं; पण त्यांना हलायला थोडी जागाही द्यावी.