रांजणातला नवरदेव

एका गावात गोंदा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते तो ऐकायचा, एवढीच त्याची खोड. त्याचं लग्न काही जमत नव्हतं. आई म्हणाली, "आरं, पुढं काय व्हईल याचा इचार करत जा. तुला सुचत न्हाई, तर जाणत्याला इचार."

गोंदा शिंप्याकडे गेला. "पुढं काय व्हईल?"

"अंग वाढंल," शिंपी म्हणाला. "आज नीट बसलेलं उद्या आखूड पडतं. काय बी घे, मापापेक्षा मोठंच घे."

गोंद्यानं आईला नव्या चपला आणल्या. आई पुढे गेली, चपला मागे राहिल्या.

"या वयात माझं पाय वाढणार हायेत व्हय?" आई म्हणाली. "वस्तू पारखून घ्यावी. कुंभाराला इचार जा."

"पुढं काय व्हणार? फुटणार," कुंभार म्हणाला. "म्हणून आधी टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठेवायचं. बद्द वाजलं तर परत करायचं."

मग गोंदा आईबरोबर मुलगी बघायला गेला. मुलीचे वडील आबाजी पागोटं काढून बसले होते. टक्कल चांगलं तुळतुळीत. गोंदा उठला, टिचकी मारली, कान लावला.

"आये, बद्द वाजतंय," तो म्हणाला. "परत करू या."

आईनं डोळेच मिटून घेतले. पण आत मुलगी, गिरजा, हसून हसून लोळत होती. "मला ह्योच नवरा पायजे," ती म्हणाली. लग्न ठरलं. आबाजी तेवढे पुटपुटत राहिले, "पोरगं अजून तयार न्हाई."

गोंद्याच्या मनाला ते लागलं. तो भागामावशीकडे गेला. मावशी लोणची घालायची, तिला लोणच्यापलीकडं काही दिसत नसे. "मावशे, मी तयार व्हईन का?"

"का न्हाई? हळद, मीठ, तेल लावायचं. तोंडाला फडकं बांधून अंधारात ठेवायचं. वर्षभर कुणी हात लावायचा न्हाई."

लग्नाच्या दिवशी मुहूर्त आला, नवरदेव नाही. शोधता शोधता कोठीच्या खोलीत फडकं बांधलेला रांजण दिसला. आतून आवाज आला, "उघडू नगा. हळद तुमीच लावली, मीठ-तेल म्या लावलंय. वर्षानं या."

सगळं वऱ्हाड रांजणाभोवती जमलं.

शिंपी म्हणाला, "वर्षात अंग सुटंल. आत मावायचा न्हाई."

कुंभार म्हणाला, "त्याच्या आधी रांजण फुटंल."

भागामावशीनं फडकं उचलून बघितलं. "वर तेल न्हाई. बुरशी धरंल."

आई रडायला लागली. एवढ्या वर्षांनी आलेली सून दारातून परत जाणार, हे तिला दिसत होतं. तेवढ्यात गिरजा माळ घेऊन पुढे आली. तिनं रांजणावर टिचकी मारली. "अवं, मी गिरजा. माळ घालू का?"

आत गोंदा कान देऊन बसला होता. माणसानं भरलेला रांजण खणखणणार कसा?

"घालू नगा," तो कळवळून म्हणाला. "बद्द वाजतंय. परत करा."

आबाजींनी लेकीला उचलून बैलगाडीत बसवलं. जावयाचं एवढं एकच बोलणं त्यांना पटलं.