अरुंद दार

रक्ताच्या वाटेवर तांबडी नावाची पेशी प्राणवायू वाहत असे. डाव्या बरगडीखाली पाणथरीमावशीचं, म्हणजे प्लीहेचं, अरुंद दार लागे. तिथून सगळ्या पेशी अंग चोरून जात.

एके दिवशी डासाने आणून सोडलेला हिवताप्या तांबडीच्या पोटात शिरला. “सारखं अंग काय चोरतेस? ताठ राहायला शीक,” म्हणत त्याने तिला कडक केलं आणि अंगभर आकडे बसवले. आकडे वाटेच्या भिंतीत रुतले. तांबडी अडकली आणि मागच्यांची वाटही अडली.

मग कडू औषध आलं. हिवताप्या अर्धमेला झाला, आकडे सुटले. तांबडी कशीबशी दाराशी पोचली.

“मावशी, मी आता मावायची नाही.”

“तू मावशील गं,” मावशी म्हणाली. “तो मावायचा नाही.”

तांबडीने अंग चोरलं आणि ती पलीकडे गेली. तिच्या पोटातला ताठ हिवताप्या दारात अडकला आणि तिच्यातून निसटून अलीकडेच राहिला.