शेकरूची सकाळची फेरी

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका राईत, फणसाच्या झाडावर एक शेकरू आई राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ह्या जातीची एक रीत आहे. एकच घरटं बांधून शेकरं थांबत नाहीत. चार-पाच झाडांवर घरटी करून ठेवतात, म्हणजे एकावर संकट आलं तर दुसरं तयार असावं. ह्या शेकरूची आई तर रोज सकाळी तोंडात काही घालायच्या आधी सगळ्या घरट्यांवर फेरी मारी आणि प्रत्येकात एक ताजी काडी खोची. तेव्हा लहानगी शेकरूही तिच्यामागे टणाटण उड्या मारत जाई. कोवळं ऊन, पालवीचा वास आणि पुढे आईची हलणारी शेपटी. ते दिवस आठवले की तिला अजून भरून येई.

पण स्वतः आई झाली आणि तिची फेरी सुटली. "मी गेले आणि मागे पिल्लाला काही झालं तर?" ह्या काळजीने तिचा पाय घरट्याबाहेर निघेना. जीव घाबरला की ती चार गरे खाई, आणि जीव तर दिवसभरच घाबरलेला असे. पाहता पाहता अंग जड झालं. बाकीची घरटी विस्कटून गेली. शेजारची वानरीण म्हणाली, "वहिनी, फांदी केवढी वाकलीय बघा. मला वाटलं, यंदा शेंड्यालाही फणस धरला."

एके दिवशी राईवर मोरघार घिरट्या घालू लागली. पिल्लाला इथून हलवायला हवं होतं, पण पलीकडच्या बेहड्याच्या झाडावर नुसती उडी मारायची तरी शेकरूला धाप लागे. पिल्लू तोंडात धरून ती कशी मारणार? मग ती हट्टाला पेटली. अंग हलकं व्हावं म्हणून दोन दिवस उपाशी राहिली आणि तिसऱ्या दिवशी एका दमात सगळी झाडं गाठायला निघाली. दुसऱ्याच झाडावरून ती खाली झुडपात पडली. लंगडत परत आली, तर पिल्लू भुकेने रडून रडून झोपलेलं. उपासाने तिचं दूधही आटलं होतं.

राईतच राहणारी तिची म्हातारी मावशी तिच्याजवळ येऊन बसली. "पोरी, तुझी आई काय एका दिवसात एवढी चपळ झाली होती?"

"पण मावशी, घार तर आजच फिरतेय गं."

"मग आज एकच उडी मार. पिल्लापाशी मी बसते. आणि पोटभर खा. फक्त भूक लागली म्हणून खा, भीती वाटली म्हणून नको."

त्या दिवशी तिने एक उडी मारली, बेहड्यावरच्या घरट्यात एक काडी खोचली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. वानरीण म्हणाली, "एवढ्याशा उडीने काय होणार, वहिनी?" आठवड्याने शेकरू दोन झाडं जाऊ लागली, मग तीन, मग चार, आणि प्रत्येक घरट्यात एक काडी खोचू लागली. ज्या दिवशी पाय दुखे, त्या दिवशी ती फांदीच्या टोकापर्यंतच जाऊन येई, पण जाई. तिला वाटे, पुढे आईच चालली आहे.

महिना सरला, आणि एका दुपारी मोरघार थेट फणसावर झेपावली. शेकरूने पिल्लू तोंडात धरलं. बेहडा, जांभूळ, आंबा करत ती चौथ्या झाडावरच्या दाट पाल्यातल्या घरट्यात शिरली. मागे घारीच्या नखांत नुसत्या काड्या आल्या.

पिल्लाने विचारलं, "आई, दमलीस का गं?"

"नाही रे," ती म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की ती खरंच दमली नव्हती.

तात्पर्य : एका दिवसाच्या हट्टाने अंग घडत नाही, न चुकता केलेली रोजची थोडी हालचाल आणि भुकेपुरतं खाणं, हेच वेळेला उपयोगी पडतं.