गाई घरी येईपर्यंत

“...पण त्या बाई रडायला का लागल्या, गुरुजी?”

लिआंग मठाच्या दारातच उभा राहिला. नदीकाठच्या बंदरापासून तो धापा टाकत डोंगर चढून आला होता. नवा रेशमी अंगरखा चिखलानं माखला होता.

म्हातारे गुरू शू चहाची पानं निवडत बसले होते.

“काय बोललास तू त्यांच्याशी?”

“वावगं काही नाही. दुभाष्याच्या नोकरीचा पहिला दिवस. बाई इंग्रज, धुक्यामुळं होडी अडलेली. त्यांना धीर द्यावा म्हणून म्हणालो, आपण थांबू... टिल द काऊज कम... होम.”

“गाई घरी येईपर्यंत. म्हणजे कितीही वेळ.”

“अर्थ पाठ आहे मला!” लिआंगचा आवाज चढला. अख्ख्या बंदरात त्याच्याइतके इंग्रजी वाक्प्रचार कुणाला येत नव्हते, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. “बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, ‘होम’ म्हणायच्या आधी माझे वडील अगदी असेच अडखळायचे. आणि विचारलं, कुठं भेटले ते तुला?”

गुरूंचे हात थांबले.

“मी तर तुमच्याकडून शिकलो, गुरुजी. तुम्ही कुणाकडून...?”

“एक परदेशी आला होता. तापानं फणफणलेला. हिवाळाभर पेज प्यायला आणि मला शब्द शिकवत राहिला.” गुरूंनी भिंतीकडं पाहिलं. “त्या कोपऱ्यातच त्यानं प्राण सोडला.”

लिआंग झटकन मागं सरला.

“शब्द राहू देत. पण त्याला माझ्या तोंडातून काढा!”

“म्हण पुन्हा. न अडखळता.”

लिआंगनं छाती भरून श्वास घेतला.

“टिल द काऊज कम...”

जीभ जागीच थिजली. त्यानं जोर केला. घाम फुटला. शब्द काही येईना.

...आणि रिकाम्या कोपऱ्यात कुणीतरी घसा खाकरला.

लिआंग भिंतीला चिकटला. सगळी विद्या, सगळा तोरा, कुठल्या कुठं गेला. “गुरुजी...” एवढंच त्याला म्हणता आलं, तेही आपल्या मायबोलीत.

गुरू उठले. दोन्ही दारं सताड उघडून बाजूला झाले आणि कुणी वडीलधारं माणूस जाताना वाकावं तसे कमरेत वाकले.

दाराबाहेरचं धुकं जरा हललं.

“बाईंची होडी अजून आहे ना घाटावर?”

लिआंगनं कशीबशी मान डोलावली.

“मग पळ, धरून ठेव ती. ते जरा सावकाश चालतात.”