डबुली बेडकी आणि बंदुकीचं चपटं तोंड

मांडीवर बसलात? पाय आत घेतलेत? मग ऐका.

एक होतं तळं. तळ्याला काळा कागद अंथरलेला. जाड जाड, प्लास्टिकचा. कागदाच्या कोपऱ्यात होती एक घडी. त्या घडीत राहायची डबुली बेडकी.

डबुली एवढीशी. तुमच्या अंगठ्याएवढी. दिवसभर पाण्यात. डुबुक वर, डुबुक खाली.

एकदा काय झालं, एक कुत्रं पाणी प्यायला आलं. पाय घसरला. कोपऱ्यातल्या घडीत नख लागलं. टर्रर्र. कागद फाटला.

कुत्रं पाणी पिऊन निघून गेलं. मग पाणीही निघालं. टप टप टप. टप टप टप.

डबुली बघते तर पाणी पोटाखाली. पुन्हा बघते तर पाणी पायाखाली.

"अगं बाई," डबुली म्हणाली, "माझं घर चाललं."

ती निघाली. टुण टुण टुण. आली सिदूमामाकडं.

सिदूमामा काय करायचा? फाटक्या ताडपत्र्या जोडायचा. फाटका कागद जोडायचा. त्याच्याकडं एक बंदूक होती. गोळीची नाही हं. गरम हवेची. बटण दाबलं की फूऽऽऽ. कागद मऊ होतो. कागदाला कागद चिकटतो.

डबुली म्हणाली, "सिदूमामा, सिदूमामा, कागद जोडा ना.
टप टप टप पाणी चाललं,
तळ्याचा कागद फाटला."

सिदूमामा म्हणाला, "मी नाही जोडणार. माझ्या बंदुकीला गोल तोंड आहे. गोल तोंडानं एकाच जागी चटका बसतो. फाटलंय त्याहून मोठं भोक पडेल. चपटं तोंड पाहिजे. चपट्या तोंडातून हवा कशी पसरून येते. पोपटशेठ चपटं तोंड देईल, तर मी कागद जोडीन."

आणि सिदूमामा बंदूक पुसत बसला.

टुण टुण टुण. डबुली आली पोपटशेठकडं.

पोपटशेठचं दुकान मोठं. दुकानात काचेचं कपाट. कपाटात बंदुकीची तोंडं मांडलेली. गोल तोंड. रुंद चपटं तोंड. अरुंद चपटं तोंड. सगळी लख्ख. शेठ रोज त्यांच्यावरून फडकं फिरवायचा. विकायचा मात्र क्वचित. विकलं की कपाट रिकामं दिसतं ना.

डबुली म्हणाली, "पोपटशेठ, पोपटशेठ, चपटं तोंड द्या ना.
टप टप टप पाणी चाललं,
तळ्याचा कागद फाटला.
सिदूमामा कागद जोडेना."

पोपटशेठ म्हणाला, "मी नाही देणार. चपटं म्हणजे कुठलं चपटं? रुंद का अरुंद? मी दिलं आणि चुकलं, तर सगळे मलाच बोलतील. ढोबळे साहेब तोंड निवडतील, तर मी तोंड देईन."

आणि पोपटशेठ फडकं शोधायला लागला.

टुण टुण टुण. डबुली आली ढोबळे साहेबांकडं.

ढोबळे साहेब म्हणजे तळ्याचे साहेब. त्यांच्या दारावर पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं, 'साहेब बसले आहेत'.

डबुली आत गेली. बघते तर साहेब उभे.

खुर्चीत बसली होती एक मांजर. भुरी तिचं नाव. गोल गोल होऊन बसली होती. साहेब खुर्चीच्या शेजारी उभे. या पायावरून त्या पायावर. त्या पायावरून या पायावर.

डबुली म्हणाली, "साहेब, साहेब, तोंड निवडा ना.
टप टप टप पाणी चाललं,
तळ्याचा कागद फाटला.
सिदूमामा कागद जोडेना.
पोपटशेठ तोंड देईना."

साहेब म्हणाले, "मी नाही निवडणार. निवडायचं म्हणजे आधी बसायला लागतं. उभ्या उभ्या कोणी निवडतं का? भुरी खुर्ची सोडेल, तर मी तोंड निवडीन."

"मग तिला उठवा ना," डबुली म्हणाली.

साहेब हळूच म्हणाले, "ती बोचकारते."

टुण. डबुली वळली भुरीकडं. अंगावरची ओल कमी होत चालली होती. पाठ जराशी खाजत होती.

डबुली म्हणाली, "भुरी, भुरी, खुर्ची सोड ना.
टप टप टप पाणी चाललं,
तळ्याचा कागद फाटला.
सिदूमामा कागद जोडेना.
पोपटशेठ तोंड देईना.
ढोबळे साहेब निवडेना."

भुरीनं एक डोळा उघडला.

भुरी म्हणाली, "मी नाही सोडणार. इथं ऊब आहे. पोटात भूक आहे. भुकेल्या पोटी कोण ऊब सोडतं? सोनाकाकू दूध घालेल, तर मी खुर्ची सोडीन."

आणि भुरीनं डोळा मिटला.

टुण टुण टुण. डबुली आली सोनाकाकूच्या गोठ्यात.

सोनाकाकू दुधाच्या पालथ्या चरवीवर हात ठेवून बसली होती.

डबुली म्हणाली, "सोनाकाकू, सोनाकाकू, दूध घाल ना.
टप टप टप पाणी चाललं,
तळ्याचा कागद फाटला.
सिदूमामा कागद जोडेना.
पोपटशेठ तोंड देईना.
ढोबळे साहेब निवडेना.
भुरी खुर्ची सोडेना."

सोनाकाकू म्हणाली, "मी नाही घालणार. घालू कुठून, बाई? सकाळपासून म्हशीपाशी बसलेय. एक थेंब नाही. म्हैस पान्हा सोडेल, तर मी दूध घालीन."

टुण टुण. डबुली आली म्हशीपुढं.

म्हैस केवढी, डबुली केवढी. म्हशीची एक नाकपुडी डबुलीएवढी.

डबुली म्हणाली, "म्हसूबाई, म्हसूबाई, पान्हा सोड ना.
टप टप टप पाणी चाललं,
तळ्याचा कागद फाटला.
सिदूमामा कागद जोडेना.
पोपटशेठ तोंड देईना.
ढोबळे साहेब निवडेना.
भुरी खुर्ची सोडेना.
सोनाकाकू दूध घालेना."

म्हैस म्हणाली, "मी नाही सोडणार. घसा कोरडा पडलाय. पोटात पाणी नाही, तर दूध येईल कुठून? तळं पाणी देईल, तर मी पान्हा सोडीन."

टुण. टुण. आता डबुलीचे पाय दमले होते. टुण. आली तळ्यापाशी. आली आपल्याच घरी.

डबुली म्हणाली, "तळ्या, तळ्या, पाणी दे ना.
टप टप टप पाणी चाललं,
तळ्याचा कागद फाटला.
सिदूमामा कागद जोडेना.
पोपटशेठ तोंड देईना.
ढोबळे साहेब निवडेना.
भुरी खुर्ची सोडेना.
सोनाकाकू दूध घालेना.
म्हैस पान्हा सोडेना."

तळं म्हणालं, "मी नाही देणार. माझ्याजवळ थांबतंच कुठं? संध्याकाळी पाटाला पाणी सुटेल. पाटाचं पाणी माझ्याकडं येईल. कागद फाटका असला तर तेही जाईल. सिदूमामा कागद जोडेल, तर मी पाणी देईन."

डबुली म्हणाली, "सिदूमामा?"

"सिदूमामा," तळं म्हणालं.

डबुली काठावर बसली. निघाली होती सिदूमामाकडं, फिरून आली, आणि आता पुन्हा सिदूमामा.

सिदूमामाचं बरोबर होतं. शेठचंही बरोबर होतं. साहेब, भुरी, काकू, म्हैस, सगळ्यांचं बरोबर होतं. आणि पाणी चाललं होतं. टप टप टप.

डबुलीला रडू आलं. पण रडायलाही अंगात पाणी लागतं. ती नुसतीच बसून राहिली.

मग तळं हळूच म्हणालं, "डबुली, कोपऱ्यात थोडं उरलंय. तुझ्या घडीपाशी. तेवढं तुझं."

डबुलीनं पाहिलं. कोपऱ्यात एक डबकं होतं. एवढंसं. म्हशीचा एक घोट. डबुलीसाठी मात्र सगळं घर.

पाण्यात उडी मारावी, असं तिला फार वाटलं. पाठ भाजत होती. पण उडी मारली तर? टप टप टप. संध्याकाळपर्यंत तेही जाईल.

डबुली उठली. टुण. टुण. टुण. गेली म्हशीकडं.

"म्हसूबाई, चल. माझं पाणी पी."

म्हैस म्हणाली, "आणि तू गं?"

डबुली म्हणाली, "तू आधी पी. मग बघू."

म्हैस आली. मान खाली घातली. गट. डबकं संपलं. कोपरा कोरडा ठाक.

डबुली काठावर सुकत बसली. म्हशीनं आपलं ओलं नाक तिच्या पाठीला लावलं. गार गार. म्हैस म्हणाली, "ये, बस माझ्या नाकावर." डबुली बसली.

आता बघा हं काय झालं.

म्हैस पाणी प्याली, पान्हा सोडला.
सोनाकाकूनं दूध काढलं, चुर्र चुर्र, भुरीपुढं वाटीत घातलं.
भुरीनं वाटी पाहिली, खुर्ची सोडली.
ढोबळे साहेब खुर्चीत बसले.

बसले ते बसलेच. "अहाहा," साहेब म्हणाले. किती वेळानं पाठ टेकली होती. त्यांचे डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात खिडकीतून म्हशीचं तोंड आत आलं. नाकावर डबुली.

डबुली म्हणाली, "साहेब, साहेब, बसलात ना. आता तोंड निवडा ना."

साहेब ताठ झाले. पोपटशेठला बोलावलं. शेठनं टेबलावर फडकं अंथरलं. फडक्यावर तोंडं मांडली. गोल तोंड. रुंद चपटं तोंड. अरुंद चपटं तोंड.

साहेबांनी चष्मा लावला. साहेबांनी चष्मा काढला. साहेब म्हणाले, "हे रुंद. रुंद म्हणजे मोठं. मोठं म्हणजे चांगलं."

शेठ म्हणाला, "वा, साहेब."

सगळे तळ्यावर गेले. शेठनं तोंडं फडक्यात बांधून घेतली. सिदूमामानं बंदुकीला रुंद तोंड लावलं. कोपऱ्याच्या घडीत घालायला गेला. ठक. जाईना. वरून घातलं. ठक. खालून घातलं. ठक. तोंड मोठं, घडी छोटी.

साहेब म्हणाले, "घडी चुकीची आहे."

शेठ म्हणाला, "हो, साहेब. घडीच चुकीची."

डबुली म्हशीच्या नाकावरून उतरली. टुण. कोरड्या कोपऱ्यात गेली. आपल्या घडीत शिरली. पोट दाबलं, पाय पसरले, चपटी चपटी झाली. रोज झोपायची तशी. घडीत बरोबर मावली.

आतून ती म्हणाली, "हे माझं घर. इथं माझ्याएवढंच चपटं मावतं."

सोनाकाकूनं फडक्यातलं अरुंद तोंड उचललं. डबुलीशेजारी धरलं. डबुली तेवढी. तोंड तेवढं.



साहेब खाकरले. साहेब म्हणाले, "हेच तर मी म्हणत होतो. हे निवडलं."

शेठ म्हणाला, "हेच मी देत होतो. घ्या."

साहेबांनी तोंड निवडलं.
पोपटशेठनं तोंड दिलं.
सिदूमामानं रुंद तोंड काढलं. अरुंद तोंड लावलं. खट्.

मग फाटलं होतं तिथं ठिगळ ठेवलं. कागद आणि ठिगळ, मधे चपटं तोंड सरकवलं. फूऽऽऽ. हवा पसरली. कागद मऊ झाला. ठिगळ मऊ झालं. वरून छोटा रूळ फिरवला. सर्र. सर्र. चिकटलं.

सिदूमामानं कागद जोडला. कुठं भोक नाही, कुठं चटका नाही.

संध्याकाळी पाटाला पाणी सुटलं. झुळझुळ झुळझुळ. पाणी तळ्यात आलं. सगळे वाकून बघत राहिले. कान लावून ऐकत राहिले. टप नाही. काहीच नाही. पाणी थांबलं. पाणी चढलं.

ढोबळे साहेबांनी काठावर खुर्ची मागवली. खुर्चीवर उभे राहिले आणि भाषण केलं. योग्य तोंड कसं निवडावं, ते सांगितलं. बसून शांतपणे निवडावं, म्हणाले. पोपटशेठनं टाळ्या वाजवल्या. भुरी खाली काठावर अंग चाटत बसली. सिदूमामा बंदूक गार करत होता. त्यानं डबुलीकडं बघून मान हलवली.

साहेब म्हणाले, "आता डबुली दोन शब्द बोलेल."

सगळ्यांनी इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. डबुली कुठं आहे?

म्हशीच्या नाकावर नाही. काठावर नाही. खुर्चीखालीही नाही.

डुबुक.

तळ्याच्या कोपऱ्यात एक बुडबुडा वर आला. त्याच्या शेजारी अजून एक. डबुली खाली होती. आपल्या घडीत, पाण्यात, चपटी चपटी होऊन.

तळं भरलं, म्हशीचं भागलं, डबुलीचं घर डबुलीला मिळालं, आणि आपलं सांगून झालं.