अ, ब आणि शेवंती तांडेल

"...पण अ चा हेतूच नव्हता, तर गुन्हा कसा होईल, भाऊ?"

निनाद उभा राहून विचारत होता. बसून प्रश्न विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. कायद्याच्या पहिल्या वर्षाला तो कॉलेजात पहिला आला होता आणि भाऊंकडे शिकायला येणाऱ्या आम्हा चौघांना ते विसरू देत नसे.

नाबर वकील, म्हणजे आमचे भाऊ, ओटीवर बसून पानाचं देठ खुडत होते.

"पुन्हा सांग. सावकाश."

"अ मोटारसायकलवरून जातोय. ब रस्त्याच्या कडेला मासळीची पाटी घेऊन बसलीय. धक्का लागला, ब चं मनगट मोडलं. अ निघून गेला. दोघांत काही ठरलेलं नव्हतं, म्हणून करारभंग नाही. हेतू नव्हता, म्हणून गुन्हा नाही. राहिलं अपकृत्य, म्हणजे नुसती दिवाणी चूक. भरपाई दिली की मिटलं."

"हयगयीलाही शिक्षा असते, शहाण्या. अ थांबला का नाही?"

"क्लासला उशीर होत होता."

...

निनादचे कान लाल झाले. खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. मग माझी मलाच लाज वाटली.

"ब चं नाव काय?" भाऊंनी विचारलं.

"नाव... माहीत नाही." आणि एकदम रडकुंडीला येऊन म्हणाला, "भाऊ, केस झाली तर माझी वकिली सुरू व्हायच्या आधीच संपेल हो!"

भाऊंनी पान खाली ठेवलं. त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि दाराकडे बोट केलं.

दोन तासांनी तो परतला. घामाघूम, पण मान पुन्हा ताठ.

"शेवंती तांडेल. सरकारी दवाखान्यात आहे, प्लास्टर घातलंय. मी चौकीत जाऊन जबाब दिला, चूक माझी म्हणून. तिला भरपाई कबूल केली. हात बरा होईपर्यंत औषधपाणी मी बघीन, असं लिहूनही दिलं. गुन्हा, अपकृत्य, करार... तिन्ही झाले, भाऊ."

आता शाबासकी मिळणार, असं आम्हाला वाटलं. मिळायलाच हवी होती. आमच्यातला एकही जण आपण होऊन चौकीत गेला नसता.

भाऊंनी त्याचं पुस्तक परत दिलं.

"छान केलंस," ते म्हणाले. "आणि तिची मासळी कोण विकतंय?"