टिटवीची घोषणा

रानाचा राजा मतांनी निवडला जायचा, त्या जुन्या काळातली ही हकिगत. तळ्याकाठची म्हातारी टिटवी पाणमांजरांच्या पक्षाची. दर निवडणुकीत घोषणा तिनंच द्यायची.

यंदा पक्षाचा तरुण पुढारी आला. "मावशी, ओरडून सांगा, आम्ही घराघराला तळं देणार!"

टिटवीला त्याचे आजोबा आठवले. ते आश्वासनं देत नसत. "झरा बुजलाय, उपसायला चला," एवढंच म्हणत आणि स्वतः आधी चिखलात उतरत. संध्याकाळी पाणी खळाळायचं, माखलेल्या अंगानं सगळे हसायचे. त्या हसण्यापायीच ती या पक्षाची झाली होती.

"बाळा, मत तुलाच देईन," ती म्हणाली, "पण हे ओरडायला जीभ रेटत नाही. झरा पुन्हा बुजलाय. तो उपसायला चला म्हण, रानभर ओरडते."

"त्यानं मतं मिळतात होय?" असं म्हणून तो पोपटाकडे गेला.

मतदानादिवशी टिटवीनं पाणमांजरालाच मत दिलं आणि झऱ्यावर जाऊन एकटीच चोचीनं चिखल काढू लागली. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी माती उकरू लागलं. तो म्हातारा ससा होता, जन्मभर कोल्ह्यांच्या पक्षात राहिलेला.

"जरा सरक गं," तो म्हणाला, "मलाही ते पाणी आठवतं."